खिशात ठेवायची बॅटरी घेताय? आधी सेल बघा, लुमेन मागाहून

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागात बॅटऱ्यांची खरेदी सुरू होतेय आणि दरवर्षी तेच बघायला मिळतंय, लोक दुकानात जातात, बॉक्सवरचा सगळ्यात मोठा आकडा बघतात आणि तीच उचलून आणतात. बेळगाव असो, खानापूर असो नाहीतर निपाणी-चिकोडी, काउंटरवरचं बोलणं एकच, "अण्णा ही घ्या, पाच हजार लुमेन हाय, रात्रीचा दिवस करतंय बघा." आणि दोन महिन्यांनी तीच बॅटरी घरातल्या फळीवर पडलेली असते, कारण खिशात मावत नाही, सेल गेला तर तसा दुसरा कुठं मिळत नाही, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात काचेच्या आत पाणी दिसायला लागलेलं असतंय. माझं म्हणणं एवढंच आहे की रोज जवळ बाळगायची बॅटरी निवडायचा क्रमच लोक उलटा धरतात. आधी सेल ठरवा, मग आकार, मग बटण आणि क्लिप, आणि उजेडाचा आकडा, म्हणजे बॅटरी एकूण किती उजेड टाकते ते सांगणारे लुमेन, सगळ्यात शेवटी. या क्रमानं गेलं तर पैसे वाया जात नाहीत.

फोनमध्ये टॉर्च असताना वेगळी कशाला, हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो चुकीचा नाही. घरातल्या घरात, जिन्यात, गाडीची किल्ली खाली पडली तर फोन पुरतोय. पण फोनचा उजेड पसरट असतोय, दहा-पंधरा पावलांपलीकडं त्यात काही ओळखू येत नाही, पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि अडचणीच्या वेळी फोन लावायला जो चार्ज शिल्लक राहायला पाहिजे तोच आपण उजेडासाठी जाळून टाकतोय. जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं, आमगाव-गवाळीच्या बाजूला गेलात तर रेंज शोधण्यातच फोन निम्मा उतरतोय, त्यात अजून त्याला टॉर्च करायला लावायचं म्हणजे परत येताना हातात काहीच राहिलं नाही.

आधी स्वतःला विचारा, अंधार तुम्हाला कुठं गाठतोय

शहापूर-टिळकवाडीत राहणाऱ्याचा अंधार वेगळा, करंट गेला, जिना उतरायचाय, गल्लीतली दोन कुत्री कुठं बसलीत ते बघायचंय, बस. त्याला बोटाएवढी बॅटरी पुष्कळ झाली. उद्यमबागेत मशीन शॉपला काम करणाऱ्याला अंधारात चालायचं नसतंयच, त्याला लेथच्या खाली, गिअर बॉक्सच्या आत, पॅनेलच्या मागं उजेड पाहिजे, दोन्ही हात मोकळे ठेवून. अथणी-कागवाड-चिकोडीकडच्या ऊसवाल्याचा प्रश्न आणखी वेगळा, थ्री फेज रात्री आला की मोटर चालू करायला आणि दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, जायचं, पायाखाली चिखल, दोन्ही बाजूला पाचट, एका हातात खोरं. आणि खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलालगत जे राहतात त्यांना रानडुक्कर, गवा, अस्वल यांच्यापासून लांब राहायला लांबवर पोचणारा उजेड लागतोय.

या चौघांना एकच बॅटरी 'बेस्ट' म्हणून सांगणारा माणूस तुमचं ऐकतच नाहीय. तुमच्या आठवड्यातल्या किती रात्री कुठं जातात ते आधी डोळ्यासमोर आणा. वर्षातून एकदा ट्रेकला जाणार म्हणून रोजच्या खिशात अर्धा किलोची बॅटरी वागवण्यात अर्थ नाही, त्या एका दिवसासाठी कुणाची तरी मागून न्या.

सेल

इथं जरा निवांत वाचा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

रिमोटमध्ये जातोय तो बारका सेल म्हणजे एएए, घड्याळात जातोय तो पेन्सिल सेल म्हणजे एए. हे दोन्ही कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, अगदी शेवटच्या गावातसुद्धा. मग येतात लिथियमचे चार्जिंगचे सेल, त्यातला सगळ्यात चालणारा १८६५०, नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. त्याच्यापेक्षा जाडजूड २१७००. आणि पेन्सिल सेलच्याच मापाचा लिथियम सेल म्हणजे १४५००.

कुणात किती दम आहे ते असं काढायचं. एए मापाचा चांगला रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा आणि साधारण २००० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलात मावणारा चार्ज, तो हजारानं भागून व्होल्टनं गुणायचा), म्हणजे २.४ वॉट-तास. १८६५० सेल ३.६ व्होल्टचा आणि ३००० एमएएचचा धरला तर १०.८ वॉट-तास, म्हणजे एका पेन्सिल सेलच्या चौपटीपेक्षा जास्त. आता चांगल्या एलईडी बॅटरीत एक वॉट जाळला की ढोबळमानानं शंभर लुमेन बाहेर पडतात. म्हणजे शंभर लुमेनवर पेन्सिल सेलवाली दोन तासांच्या आसपास चालणार आणि १८६५०वाली दहा तासांच्या आसपास. एवढा हिशोब डोक्यात ठेवला की बॉक्सवर कुणी काय पण छापू दे, तुम्हाला खरं काय ते जागेवर कळतंय. एका पेन्सिल सेलवर 'हजार लुमेन, दहा तास' असं लिहिलं असेल तर ती बॅटरी खाली ठेवायची आणि पुढं जायचं.

मग सगळ्यांनी १८६५० घ्यावी का? नाही. ज्याच्या घरी रोज चार्जिंग होतंय, जो शहरात नाहीतर शहराजवळ राहतोय, त्यानं जरूर घ्यावी. पण आठ-आठ तास करंट नसतोय अशा वाडीत आई-वडील राहतात आणि त्यांच्यासाठी घेताय, तर पेन्सिल सेलवालीच घ्या, सेल संपला तर शेजारच्या दुकानात मिळतोय आणि बदलायला कुणाला विचारावं लागत नाही. सगळ्यात सोयीची म्हणजे दोन्ही खाणारी, साधा एए पण चालतोय आणि १४५०० पण चालतोय अशी, सोफिर्नची एसपी१० प्रो हे त्याचं माहितीतलं उदाहरण. मात्र एक काळजी घ्या, १४५०० दिसायला पेन्सिल सेलसारखाच असला तरी तो ३.७ व्होल्टचा आहे, ज्या बॅटरीवर तसं स्पष्ट लिहिलेलं नाही तिच्यात घातला तर सर्किट जळतंय. घड्याळात-रिमोटमध्ये तर चुकून पण नको, म्हणून असे सेल घरात वेगळ्या डबीत ठेवा.

लिथियम सेल घेताना फसवणूक फार. १८६५० मापात खरे चांगले सेल ३००० ते ३५०० एमएएचच्या घरात असतात, तेव्हा '९९०० एमएएच' असं छापलेला सेल हा खोटाच, त्यात चर्चेला जागा नाही. ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो, वजन करा. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतोय. सराफाकडं नाहीतर किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, ३० ग्रॅमच्या आसपास काटा थांबला तर आत माल कमी आहे. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले सेल नवीन कव्हर चढवून विकतात, ते पण नकोत, खिशात मांडीला चिकटून असणारी वस्तू आहे ही. सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक, मुराता, मॉलिसेल यांपैकी कुणाचा तरी सेल, तो पण ओळखीच्या दुकानातून, आणि बॅटरी बनवणाऱ्या कंपनीनंच बॅटरीबरोबर दिलेला असेल तर उत्तम.

साध्या पेन्सिल सेलचा धोका वेगळा. ते बॅटरीत तसेच पडून राहिले की फुटतात, आतून पांढरी पावडर येते आणि स्प्रिंग खाऊन टाकते. महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. आणि शक्य असेल तर एकदाच चांगले रिचार्जेबल एए घ्या, ते तसे गळत नाहीत आणि शेकडो वेळा चार्ज होतात.

चार्जिंगचं एक बारीक पण फार छळणारं प्रकरण आहे. आता बऱ्याच बॅटऱ्यांना सी टाइप पोर्ट असतंय, पण स्वस्तातल्या काही बॅटऱ्यांमध्ये त्या पोर्टच्या मागं बसवायचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात, मग नवीन फोनच्या दोन्हीकडं सी असलेल्या केबलवर ती चार्जच होत नाही, जुन्या चपट्या यूएसबी टोकाच्या केबलवरच होते. दुकानात असतानाच स्वतःची केबल लावून बघा. काही कंपन्या स्वतःचं मॅग्नेटवालं खास चार्जर देतात, वापरायला सुरेख, पण ते हरवलं की बॅटरी बसली, त्यामुळं सेल बाहेर काढून साध्या चार्जरवर पण चार्ज करता येतोय का ते विचारून घ्या. आणि ज्या बॅटरीतला सेल काढताच येत नाही, ती फक्त किल्लीला लावायच्या छोट्या बॅटरीपुरती ठीक, रोजच्या कामाच्या बॅटरीत नको.

आता तो लुमेनचा आकडा

बॉक्सवर 'एफएल १' असं काही लिहिलंय का शोधा. हे अमेरिकेतलं एएनएसआयचं मानक, २००९ ला आलं, आणि चांगल्या कंपन्या त्याच्याप्रमाणं मोजून आकडे देतात. त्यात लुमेन मोजतात ते बॅटरी चालू केल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान. चालण्याचा वेळ धरतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. आणि अंतर धरतात ते जिथं उजेड ०.२५ लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतोय त्याचं माप) उरतोय तिथपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा.

याचा अर्थ नीट लावा. 'हजार लुमेन, तीन तास' असं लिहिलेली बॅटरी तीन तास हजार लुमेन देत नाही. बोटभर नळीत दहा वॉट जाळले की ती तापते, मिनिट-दोन मिनिटात आपोआप उतरून तीनशेच्या आसपास येते आणि तिथून पुढं रेंगाळत तो वेळ भरून काढते. यात फसवणूक नाही, मोजायची पद्धतच तशी आहे, फक्त घेणाऱ्याला ती माहीत पाहिजे. अंतराचं पण तसंच, २०० मीटर लिहिलंय म्हणजे दोनशे मीटरवर फक्त चांदणं पडतंय, तिथला प्राणी कुठला ते ओळखायचं असेल तर त्याच्या निम्मं, खरं तर तिसरा हिस्साच अंतर धरा.

दुसरं, डोळ्याचं गणित सरळ नसतंय. उजेड दुप्पट वाटायला लुमेन जवळजवळ चौपट लागतात. त्यामुळं पाचशेवाली आणि आठशेवाली शेजारी-शेजारी धरल्या तरच फरक कळतोय, एरवी नाही. तीनशे रुपये जास्त देऊन तो फरक विकत घेण्यापेक्षा ते पैसे चांगल्या सेलवर घाला.

खरी बघायची गोष्ट म्हणजे बॅटरी कमीत कमी किती मंद होते. रात्री मूल झोपलंय, पाणी प्यायला उठायचंय, तेव्हा एक लुमेन पण पुष्कळ होतोय, आणि तिथं एकदम तीनशे लुमेन पेटले की घर जागं होतंय आणि तुमचे डोळे पाच मिनिटं कामातून जातात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना गल्लीतून चालायला वीस-तीस लुमेन, बांधावरून चालायला शंभर-दीडशे, आणि लांब काहीतरी हललं म्हणून बघायला चारशे-पाचशे, एवढ्या पायऱ्या असल्या की झालं. आणि बटण दाबल्यावर मंद आधी लागली पाहिजे, नाहीतर शेवटची वापरलेली. प्रत्येक वेळी हाय, मग लो, मग ते लुकलुकणारं स्ट्रोब असा फेरा मारावा लागत असेल तर ती बॅटरी कितीही स्वस्त असू दे, सोडा. बिचाऱ्या समोरच्या माणसाच्या डोळ्यावर स्ट्रोब मारून 'चुकून लागलं हो' म्हणायची वेळ येते.

पाऊस, धुकं आणि उजेडाचा रंग

आमच्याकडचा पाऊस म्हणजे जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुक्काम, तेव्हा पाणी आत न जाणं ही चैन नव्हे, पहिली अट आहे. बॉक्सवर आयपीएक्स लिहून पुढं आकडा असतोय, तो पाणी किती सोसते ते सांगतोय. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारी. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ त्याच्याही पुढची. खानापूर-चोर्ला बाजूचा माणूस असेल तर ७ च्या खाली घेऊ नये. पुढची काच ओढून उजेड लहान-मोठा करणाऱ्या झूमवाल्या बॅटऱ्या दुकानात फार भुलवतात, पण ती सरकणारी नळीच पाण्याला आत यायची वाट आहे, आणि काच पुढं ओढून उजेड बारीक केला की बराचसा उजेड आतच मरतोय. मी तरी कुणाला सांगत नाही.

उजेड एकटाक लांब जाणारा पाहिजे की जवळ पसरणारा, हे पुन्हा तुमच्या रात्रीवर. खोल गुळगुळीत रिफ्लेक्टर असेल तर लांब फेकतोय, दाणेदार रिफ्लेक्टर किंवा समोर जाड प्लास्टिकची लेन्स असेल तर मऊ पसरतोय. रोजच्या खिशासाठी पसरणाराच बरा, मधे थोडा ठिपका असलेला.

चोर्ला घाटात नाहीतर आंबोलीला धुक्यात अडकलात तर बॅटरी डोळ्याच्या उंचीला धरू नका आणि फुल पण करू नका, धुक्याच्या थेंबांवरून उजेड परत डोळ्यात येतोय आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. कमरेच्या खाली धरा, मध्यम ठेवा, जमिनीवर तिरका मारा, लगेच रस्त्याची कड दिसायला लागते. डोक्याला बांधायची बॅटरी इथं सगळ्यात वाईट, कारण ती डोळ्याच्या अगदी शेजारीच असते, धुक्यात ती काढून हातात घ्यायची.

रंगाबद्दल लोक बोलतच नाहीत आणि ते फार महत्त्वाचं आहे. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर पांढरा असतोय, ६५०० केल्विनच्या आसपास (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर), त्यात लाल आणि तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात. पॅनेल उघडून वायरिंग बघताना लाल वायर कुठली आणि तपकिरी कुठली हे अशा उजेडात खरंच कळत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, पाचटात घोणस बसलेली असली तर तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके आणि वाळलेलं पान हे निळ्या उजेडात एकसारखंच दिसतंय. म्हणून ४००० ते ५००० केल्विन आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वर अशी बॅटरी मिळाली तर थोडे लुमेन कमी असले तरी तीच घ्या. निचियाची ५१९ए ही एलईडी यासाठी नावाजलेली आहे, कन्व्हॉय, वुर्कोस, सोफिर्न यांच्या काही मॉडेलांत मिळते. दुकानात तपासायचं असेल तर उजेड स्वतःच्या तळहातावर मारा, हात जिवंत माणसाचा दिसला पाहिजे, राखाडी दिसला तर समजून घ्या.

खिसा, बटण, मॅग्नेट

जी खिशात राहत नाही ती वेळेला सापडत नाही. एकदा हातात घेऊन पँटच्या पुढच्या खिशात टाका आणि दुकानातच खाली बसून बघा, गाडीवर बसल्यासारखं. टोचली की घरी राहणार. १८६५०ची बॅटरी अकरा-बारा सेंटिमीटरपर्यंत ठीक, त्याहून लांब नको. क्लिप घट्ट पाहिजे, आणि दोन्ही बाजूला वळलेली क्लिप मिळाली तर सोनं, कारण ती टोपीच्या पुढच्या कडेला लावता येते आणि डोक्याची बॅटरी होते. रात्री दारं धरायला गेलेला माणूस बॅटरी तोंडात धरून दोन्ही हातानं खोरं मारतो हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ही सवय मोडा. विशेषतः लिथियम सेलवाली बॅटरी तोंडात अजिबात धरायची नाही, सेल बिघडून आत गॅस झाला तर ती नळी तोंडातच फुटू शकते. टोपीला क्लिप लावा, नाहीतर समोरून काटकोनात वळलेल्या डोक्याची बॅटरी घ्या, ती शर्टाच्या खिशाला अडकवली की उजेड सरळ पुढं पडतोय. स्टार्टरची पेटी उघडताना पण एक हात मोकळा राहतोय, आणि ओल्या जमिनीवर उभं राहून पेटीला हात लावायचाय तेव्हा उजेडासाठी चाचपडत बसणं परवडत नाही.

बटण मागच्या टोकाला असलेलं अंधारात पटकन सापडतंय, बाजूचं असलेलं मंद-तेज करायला सोपं पडतंय. मात्र बाजूचं बटण खिशात दाबलं जातंय, आणि फुल उजेडावर खिशात चालू राहिलेली बॅटरी कपडा करपवते, कातडी भाजते. उपाय सोपा, मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवायची, चांगल्या बॅटरीत एवढ्यानं कनेक्शन तुटतंय. घेताना हे करून बघा, पाव फेरा सैल केल्यावर पण पेटत असेल तर लॉकची दुसरी सोय आहे का विचारा.

मागं मॅग्नेट असलेली बॅटरी गॅरेजवाल्यांना आणि मशीनवाल्यांना वरदान आहे, बॉनेटला चिकटवली, मशीनच्या बेडला चिकटवली, दोन्ही हात मोकळे. पण उद्यमबागेत काम करतोय म्हणून सांगतो, लेथजवळ एक दिवस ती चिकटवून ठेवा आणि संध्याकाळी तिचा मागचा भाग बघा, लोखंडाचा बारीक कीस दाढीच्या खुंटांसारखा उभा राहिलेला असतोय, बोटानं पुसायला गेलं की कुसं घुसतात, आणि तोच कीस टोपीच्या आट्यांत आणि चार्जिंगच्या पोर्टमध्ये जाऊन बसतोय. यावर तोडगा म्हणजे चिकटपट्टीचा तुकडा मॅग्नेटवर दाबून ओढायचा, कीस सगळा पट्टीबरोबर येतोय. टोपी उघडायच्या आधी हे करायचंच. पोर्टला रबरी झाकण आहे की नाही तेही बघा. आणि मॅग्नेटवाली बॅटरी एटीएम कार्डाच्या खिशात ठेवू नका, घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांच्या छातीजवळच्या खिशात तर मुळीच नको.

दुकानात काय काय करून बघायचं

खडेबाजार, गणपत गल्लीत दुपारच्या उन्हात बॅटरी पारखून काही उपयोग नाही, दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नाहीतर जिन्याखाली मारून बघू द्या म्हणा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. सगळ्यात मंद उजेडावर ठेवून फोनच्या कॅमेऱ्यातून बघा, पडद्यावर काळे पट्टे पळताना दिसले तर उजेड वेगानं उघडझाप करतोय, बऱ्याच जणांचं त्यानं डोकं दुखतंय. मागची टोपी उघडून आट्या बघा, चौकोनी जाड आट्या आणि काळी रबरी रिंग असली पाहिजे. हलवून बघा, आत काही खुळखुळलं तर नको. ऑनलाइन घेणार असाल तर रिव्ह्यूमधले लुमेन न वाचता 'सहा महिन्यांनी' असं कुणी लिहिलंय का ते शोधून वाचा.

नावांबद्दल थोडक्यात. किल्लीला लावायला नाइटकोरची ट्यूब किंवा एएएवर चालणारी ओलाइटची आय३टी, जिचा उजेड १८० लुमेन आहे आणि एका सेलवर एवढा पुरे. १८६५०मध्ये कन्व्हॉयची एस२ प्लस साधी, दणकट, दुरुस्त करता येण्यासारखी. फेनिक्स महाग, पण वर्षानुवर्षं चालतेय. आणि वडिलांसाठी घेताय, बटण दाबलं की पेटली पाहिजे आणि दाबलं की विझली पाहिजे एवढीच त्यांची मागणी असेल, तर एव्हरेडीची साधी एकच मोड असलेली एलईडी बॅटरी द्या, पाच मोडवाली देऊन त्यांना त्रास देऊ नका.

एक जास्तीची गोष्ट. काही बॅटऱ्यांना बाजूला अल्ट्राव्हायोलेट एलईडी असते, नोटा तपासायला म्हणून. कौलारू घर असेल, दगडी भिंती असतील, लाकडं रचलेली असतील तर तिचा खरा उपयोग विंचू शोधायला होतोय, त्या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतोय, इंगळी पण. पहिल्या पावसात लहान मुलं झोपायच्या आधी एकदा भिंतीच्या कडेनं फिरवा. फक्त तो उजेड डोळ्यात मारायचा नाही.

रात्री चालताना उजेड लांब न मारता पुढच्या तीन-चार पावलांवर ठेवायचा, मण्यार रात्रीच फिरते आणि रस्ता तापलेला असला की साप त्याच्यावर येऊन पडतात. पुढं काही दिसलं तर थांबायचं, त्याला जायला वाट द्यायची. गव्याच्या किंवा अस्वलाच्या डोळ्यावर स्ट्रोब मारून हुसकावायला जाऊ नका, उजेड खाली करून आलात तसं मागं सरका. साप चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, तो हात-पाय हलू न देता थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात, जिथं सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतंय.

घेतल्यावर

वर्षातून एकदा, मे महिन्यात, मागची टोपी उघडून आट्या कोरड्या फडक्यानं पुसा, रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, पाणी आत न जाण्याची अर्धी हमी त्या रिंगमध्ये आहे. साधं गाडीचं ग्रीस लावू नका, काही जातीचं रबर त्यानं फुगतंय. सेलची टोकं स्वच्छ ठेवा.

सुटा लिथियम सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर कधी टाकू नका, दोन्ही टोकं जोडली गेली की तो भडकतोय, वीस-तीस रुपयांची प्लास्टिकची डबी मिळते ती घ्या. वरचं प्लास्टिक फाटलेला, फुगलेला, पाण्यात भिजलेला सेल परत वापरायचा नाही. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवून उन्हात गाडी लावू नका. बरेच दिवस वापर नसेल तर सेल फुल चार्ज करून ठेवण्यापेक्षा निम्म्यावर ठेवलेला जास्त टिकतोय, आणि पूर्ण उतरेपर्यंत वापरायची सवय नको, उजेड आपोआप मंद झाला की त्याच दिवशी चार्जिंगला लावा. चार्जिंग उशाला नको, गादीवर नको, फरशीवर ठेवा आणि घरात कुणी जागं असताना करा.

आणि सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं जाणार असाल तर लिथियम सेल, सुटे असोत नाहीतर बॅटरीतले, हातातल्या बॅगेत घ्या, सुट्या सेलना तर चेक-इन सामानात परवानगीच नसते. सुट्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, आणि बॅटरीची टोपी सैल करूनच सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये ठेवा.